कमोड घ्यायचाय, दुकानात सगळे सारखेच दिसतात. काय बघून निवडायचा?

निळीछटा

नमस्कार मंडळी,

घरात एकच बाथरूम आहे आणि ते आता पूर्ण नव्याने करायचं ठरलंय. फरशी, नळ, आरसा हे पटापट ठरलं. घोडं अडलंय ते कमोडवर.

सध्याचा कमोड बराच जुना आहे. एका फ्लशमध्ये साफ होत नाही, दुसऱ्यांदा टाकी भरायची वाट बघत उभं राहावं लागतं. पाण्याच्या रेषेवर तपकिरी पट्टा बसलाय, तो कितीही घासला तरी जात नाही. टाकीतून आत पाणी झिरपतच असतं. रात्री घर शांत झालं की स्पष्ट ऐकू येतं.

घरात आम्ही चौघं. आईचं वय बहात्तर, तिचे गुडघे दुखतात. कमोडवरून उठताना ती वॉशबेसिनची कड धरून उठते आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो. मुलगी सहा वर्षांची. म्हणजे एकच कमोड दोघींना सोयीचा हवा.

मापं देतो. मागच्या भिंतीच्या टाइलपासून जमिनीतल्या पाइपच्या मध्यापर्यंत अंदाजे २३० मिमी (जुना कमोड काढलेला नाही, बाजूच्या स्क्रूवरून धरलंय). कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत ३८० मिमी. मागच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत १३०० मिमी. भिंतीवरच्या जुन्या टाइल न काढता त्यांच्यावरच नवीन चिकटवायचा विचार आहे.

दुकानं फिरलो. एक जण म्हणतो वन-पीसच घ्या. दुसरा म्हणतो वॉल-हंग, म्हणजे भिंतीला टांगलेला घ्या, टाकी भिंतीत जाते, जागा वाचते. तिसऱ्याने सायफॉनिक सगळ्यात ताकदवान असं सांगितलं. रिमलेस हा शब्द तर प्रत्येकाच्या तोंडी. बायकोला काळा आवडलाय. मला एवढंच हवंय की एका फ्लशमध्ये साफ व्हावा, गळू नये आणि पुढची पंधरा-वीस वर्षं या विषयाकडे पुन्हा बघावं लागू नये. ज्यांनी बसवलेत, वापरलेत, दुरुस्त केलेत त्यांनी कृपया सांगा.

पाना_पक्कड

निळीछटा, मी बाथरूमचीच कामं घेते. वडिलांच्या हाताखाली पाना धरायला शिकले, आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. तुम्ही मापं दिलीत हे फार बरं केलंत. माझ्याकडे ज्या तक्रारी येतात त्यांत कमोडचा दोष थोडा आणि मापाचा दोष जास्त असतो.

तुमच्या घरातली सगळ्यात मोठी अडचण तुम्ही जाता जाता लिहिली आहे: टाइलवर टाइल. नवी टाइल आणि तिच्याखालचा अॅडहेसिव्ह मिळून भिंत १२ ते १५ मिमी पुढे येणार. म्हणजे २३० चे २१५ उरले. जमिनीत मैला सोडणारे, म्हणजे एस-ट्रॅपचे कमोड ठरावीक अंतरांचे येतात. २२५ आणि ३०० ही नेहमीची. २२५ चा कमोड २१५ मध्ये बसणार नाही, टाकी आधी भिंतीला टेकेल. मग कोणीतरी तो ओढूनताणून बसवतं, पाइपवरचा जोड तिरका राहतो आणि काही महिन्यांनी वास सुरू होतो. पाइप भिंतीपासून थोडा लांब असेल तर टाकीमागे फट दिसते, बाकी काही बिघडत नाही. जवळ असेल तर मात्र काम अडतं.

आणि ते २३० सुद्धा मला अजून पटलेले नाहीत. बाजूचे स्क्रू पाइपच्या मध्यावर असतातच असं नाही. काही कमोडमध्ये असतात, काहींमध्ये बरेच पुढे-मागे असतात. खरेदीच्या आधी एकदा जुना कमोड उचलून घ्या, पाइपचा मध्य मोजा, आणि नवीन रबर लावून काम सुरू होईपर्यंत परत बसवा. तासाभराचं काम आहे. माप कमीच निघालं तर दोन वाटा आहेत. एक, फक्त मागच्या भिंतीच्या टाइल फोडून नवीन लावा. दुसरी, पी-ट्रॅपचं भांडं घ्या, ज्याचं तोंड मागे निघतं, आणि त्याला खाली वळणारा बेंड कनेक्टर लावून जमिनीतल्या पाइपला जोडा. यात अंतर थोडं कमी-जास्त करता येतं. तिरका, म्हणजे ऑफसेट कनेक्टर मी शक्यतो टाळते. त्यात रस्ता अरुंद होतो आणि अडकायचं ते नेमकं तिथे अडकतं.

आता सायफॉनिक. फ्लशची दोन घराणी आहेत. वॉशडाऊनमध्ये पाणी वरून जोरात येतं आणि सगळं ढकलून नेतं. त्याचा ट्रॅप, म्हणजे भांड्यामागची पाणी अडवून ठेवणारी वळणदार नळी, रुंद आणि आखूड असतो, म्हणून तुंबणं कमी. आवाज मोठा असतो, आणि भांड्यातलं पाण्याचं तळं लहान असल्यामुळे कोरड्या उतारावर डाग लागतात, ब्रश फिरवावा लागतो. सायफॉनिकमध्ये ट्रॅप लांब, नागमोडी आणि अरुंद असतो. तो पाण्याने पूर्ण भरला की डब्यात नळी सोडून तेल ओढून घेतो तसं सगळं ओढलं जातं. तळं मोठं, त्यामुळे भांडं स्वच्छ राहतं, आवाजही कमी. पण त्याच अरुंद वळणात लहान मुलांनी टाकलेली वस्तू किंवा कागदाचा बोळा अडकतो, आणि ट्रॅपमध्ये क्षार साचले की ओढ मंदावते. दुकानदाराने ताकदवान म्हटलं ते खोटं नाही, पण ती ताकद ट्रॅप पूर्ण भरण्यावर अवलंबून आहे. टाकीतली पाण्याची पातळी थोडी उतरली की सायफॉनिक आधी हात टेकतो. शिवाय सायफॉनिक बहुतेक एस-ट्रॅपमध्येच मिळतात, आणि तुमच्या अंतराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. सहा वर्षांची मुलगी आणि एकच बाथरूम म्हटल्यावर मी वॉशडाऊन घेतला असता.

भांडं निवडताना डोळ्यांपेक्षा हाताने निवडा. चांगलं भांडं व्हिट्रिअस चायनाचं असतं. ते १२०० अंशांच्या आसपास भाजतात, माती काचेसारखी घट्ट होते आणि पाणी जवळजवळ शोषतच नाही, मानकात ०.५ टक्क्यापर्यंतच मुभा असते. वर जी झिलई दिसते ती सगळेच देतात. प्रश्न आहे ती न दिसणाऱ्या जागी दिली आहे का. दुकानात भांडं आडवं करायला सांगा, मागच्या तोंडातून दोन बोटं आत घाला आणि ट्रॅपच्या आतून फिरवा. गुळगुळीत लागलं तर आतही झिलई आहे. खरखरीत लागलं तर ते भांडं ठेवून द्या, कारण मैला त्या खरखरीवर धरतो आणि वर्ष सरेल तसा फ्लश मंद होत जातो. तुमचा दोन फ्लशचा त्रास यातूनच आला असण्याची शक्यता मोठी आहे. रिमच्या, म्हणजे भांड्याच्या वरच्या आत वळलेल्या कडेच्या, खालूनही बोट फिरवा.

नंतर भांडं सपाट फरशीवर ठेवून कोपऱ्यांवर दाबून बघा. डुगडुगतं का? भट्टीत आणि वाळताना माती दहा टक्क्यांच्या आसपास आकसते, त्यात वाकडेपणा येऊ शकतो. म्हणून एकाच मॉडेलचे दोन नग शेजारी ठेवले तर मापात फरक निघतो. कॅटलॉगचं माप खरं धरून पाइप हलवू नका. तुमच्या घरी येणारा नगच मोजा. रिमवर एक सरळ पट्टी ठेवा, खाली उजेड किती दिसतो ते पाहा. बोटाच्या सांध्याने टकटक करा, खणखणीत वाजायला हवं. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसाएवढी चीर असते.

रिमलेसबद्दल: मला ते आवडतात, कारण रिमखालची ती अंधारी कड, जिथे बुरशी आणि क्षार साचतात, ती उरतच नाही. पण सगळे रिमलेस सारखे नसतात. पाणी मागून येऊन दोन्ही बाजूंनी कडेकडेने पुढे जायला हवं. वाईट घडणीत ते पुढच्या कडेवरून उडतं आणि सीट ओली होते. ज्या दुकानात चालू फ्लश दाखवतात तिथेच रिमलेस घ्या.

टाकी. इथे मी सगळ्यांना एकच सांगते, की भांडं तीस वर्षं टिकतं, टाकीतलं रबर टिकत नाही. पाण्यात क्षार असतील तर ते आधीच कडक होतं. तुमच्याकडे रात्री झिरपतंय ते बहुतेक फ्लश व्हॉल्व्हच्या, म्हणजे टाकीतलं पाणी भांड्यात सोडणाऱ्या झडपेच्या, बुडाचं वायसर आहे. सहज बदलता यायला हवं. म्हणून खरेदी करताना टाकीचं झाकण उघडा आणि विक्रेत्याला म्हणा, ‘हे वायसर आणि हा भरण्याचा व्हॉल्व्ह सुटा दाखवा.’ दाखवता आला तर पुढे बोला. ‘पूर्ण सेटच बदलावा लागतो’ असं उत्तर आलं तर तो कमोड कितीही देखणा असो, घेऊ नका. भलतेच आकार, बटणं कडेला, झाकण खाचेत बसवलेलं, असल्या टाक्यांचे भाग मॉडेल बंद झालं की मिळेनासे होतात आणि एका रबरासाठी अख्खं चांगलं भांडं फेकावं लागतं. मला ते फार वाईट वाटतं.

वन-पीसमध्ये टाकी आणि भांड्यामध्ये जोड नसतो, पुसायला सोपं. टू-पीसमध्ये मधे जाड रबर आणि दोन बोल्ट असतात, तिथून कधीतरी गळू शकतं, पण ते दुरुस्त होतं. टाकीला तडा गेला तर टू-पीसची फक्त टाकी बदलते, वन-पीस पूर्ण जातो. साफसफाईचा कंटाळा असेल तर वन-पीस, दीर्घायुष्य हवं असेल तर टू-पीस. तुम्ही जे तीन निकष लिहिलेत त्यावरून तुमच्यासाठी मी टू-पीस म्हणेन.

उठबस

मी फिजिओथेरपिस्ट आहे, उंचीपुरतं लिहिते.

आईंना खुर्चीवर अनवाणी, पाय पूर्ण टेकवून बसवा. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत मोजा. सीटचा वरचा पृष्ठभाग त्या मापाएवढा किंवा तीन-चार सेंटिमीटर जास्त असेल तर गुडघ्यांवर उठताना येणारा भार बराच हलका होतो. साधे कमोड सीटसकट ३८ ते ४१ सेंमीचे असतात. उंच म्हणून विकले जाणारे ४३ ते ४८ सेंमी. आई उंचीने लहान असतील तर ४८ चा आणू नका. पाय लोंबकळतात, मांडीच्या मागच्या बाजूला दाब येतो, पायांना मुंग्या येतात, आणि तसंच उठायला गेलं की तोल जातो. शिवाय पाय टेकलेले नसले तर पोटावर नीट जोर देता येत नाही, बद्धकोष्ठता असलेल्यांना ते चांगलंच जाणवतं. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले की गुदाशयाचा कोन सरळ होतो आणि शौचाला सोपं जातं. उठायला उंच बरं, शौचाला ठेंगणं बरं, अशी ही ओढाताण आहे. घरातल्या सगळ्यांत ज्याला उठणं अवघड, त्याच्या मापाने कमोड घ्या आणि बाकीच्यांना पायाखाली छोटं स्टूल द्या. मुलीसाठी ते लागेलच, शिवाय लहान भोकाची जोडसीटही.

कॅटलॉग वाचताना एक बघा: काही ठिकाणी उंची सीट धरून लिहिलेली असते, काही ठिकाणी नुसत्या भांड्याची. सीटने दोन-तीन सेंमी वाढतात.

आणि वॉशबेसिनची कड धरून उठणं कृपया थांबवा. बेसिन तेवढा भार ओढून घेण्यासाठी बसवलेलं नसतं, ते निखळून पायावर पडल्याच्या जखमा मी पाहिल्या आहेत. टॉवेलचा रॉडही नाही. बाजूच्या भिंतीवर पक्का ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचा दांडा लावा. तुमची बाजूची भिंत ३८० मिमीवर आहे, म्हणजे हात सहज पोचेल. आईंना बसवून, त्यांचा हात नैसर्गिकपणे कुठे जातो तिथे खूण करा. पुस्तकातल्या मापापेक्षा त्यांची खूण महत्त्वाची.

थेंबेथेंब

वरचे दोन्ही प्रतिसाद उत्तम. मी पाणी वाचवण्याच्या कामात आहे, त्यामुळे लिटरबद्दल लिहितो, कारण त्यावर गैरसमज खूप आहेत.

‘कमी पाण्याचा फ्लश म्हणजे कमजोर फ्लश’ ही समजूत आली कुठून? अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने घरगुती कमोडला ६ लिटरची मर्यादा घातली, ती १९९४ पासून लागू झाली. त्याआधी १३ लिटरचे सर्रास असत. सुरुवातीला अनेक कंपन्यांनी जुन्याच घडणीच्या भांड्यांत पाणी कमी केलं आणि लोकांना दोन-दोनदा फ्लश करावा लागला. बदनामी तेव्हाची आहे. नंतर ट्रॅपची आणि व्हॉल्व्हची घडण बदलली. २००३ मध्ये कॅनडा आणि अमेरिकेत मॅप नावाची चाचणी सुरू झाली: सोयाबीनच्या घट्ट पेस्टचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे लांबट गोळे भांड्यात टाकायचे आणि एका फ्लशमध्ये किती ग्रॅम पूर्ण जातं ते मोजायचं. यात वरचा आकडा १००० ग्रॅम असतो. तिथल्या वॉटरसेन्स या शिक्क्यासाठी ४.८ लिटरमध्ये किमान ३५० ग्रॅम जावे लागतात. ४.८ लिटरमध्ये १००० ग्रॅम नेणारे कमोड आहेत आणि ६ लिटरमध्ये त्याच्या निम्मेही न नेणारे आहेत. तेव्हा लिटर बघून ताकद ठरवू नका. ज्या मॉडेलचा असा आकडा मिळतो त्याचा जरूर बघा. ६०० च्या पुढे असेल तर घरासाठी भरपूर आहे.

ड्युअल फ्लश, म्हणजे दोन बटणांचा, घ्याच. मोठा ६ किंवा ४.५, छोटा ३ च्या आसपास. मात्र दोन्ही बटणं लांबून ओळखता येतील अशी हवीत. सारख्याच आकाराची दोन बटणं असली की सगळे दोन्ही एकदम दाबतात.

एक इशारा. मैला भांड्यातून निघाला म्हणजे काम संपलं असं नाही, तो पुढच्या आडव्या पाइपमधूनही वाहत गेला पाहिजे. पाइप जुना, लांब आणि उतार कमी असेल तर फार कमी पाण्याचा फ्लश त्याला मधेच सोडतो. निळीछटा, तुमच्या कमोडपासून उभ्या पाइपपर्यंत अंतर किती आहे? एक-दोन मीटर असेल तर ४.५ लिटर बिनधास्त घ्या. खूप लांब असेल तर ६/३ चा घ्या.

झिरपणाऱ्या टाकीबद्दल: टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर व्हॉल्व्ह गळतोय. नवा कमोड बसवल्यावर आणि नंतरही मधूनमधून हे करत राहा. न ऐकू येणारी गळतीही यात पकडली जाते.

निळीछटा

काय बोलू, इतकं सविस्तर कोणी दुकानात सांगितलं नाही. मनापासून आभार.

उभा पाइप कमोडच्या मागच्याच कोपऱ्यात आहे, दीड मीटरसुद्धा नाही. आईचं माप घेतलं: ४१ सेंमी. म्हणजे ४३-४४ ची सीट बघतो. मागच्या भिंतीच्या टाइल फोडायच्या असं ठरवलं.

पण वॉल-हंगचा विचार सोडवत नाहीये, बायकोला तो फारच आवडलाय. उंची हवी तशी ठेवता येते हेही पटतं. पाना_पक्कड ताई, तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. शिवाय सीट कोणती घ्यायची, आणि काळ्या रंगाचं काय?

फरशीवाला_नाही

वॉल-हंग वापरणाऱ्याचं मत: खालची फरशी एका हातात पुसून होते, कोपऱ्यात मळ साचत नाही, यासाठी मी पुन्हा तोच घेईन. मात्र आमची भिंत नव्याने बांधली तेव्हाच फ्रेम आत बसवली होती. जुन्या भिंतीत कसं करतात ते ताई सांगतील.

पाना_पक्कड

वॉल-हंगबद्दल मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण ते तुमच्या भिंतीवर ठरतं.

भार कमोड घेत नाही, भिंतीतली लोखंडी फ्रेम घेते. युरोपीय मानकात वॉल-हंग भांड्यावर ४०० किलोचा भार ठेवून तपासतात, तेव्हा ‘तुटून पडेल’ ही भीती नको. पण फ्रेम जमिनीत आणि पक्क्या भिंतीत दोन्हीकडे बोल्टने धरलेली हवी. नुसत्या अर्ध्या विटेच्या भिंतीला टांगलेली फ्रेम हलते, भांडं आणि टाइलमधली रेघ फाटते आणि आत पाणी जातं.

जागा वाचते हेही अर्धंच खरं. भांडं ५० ते ५५ सेंमी पुढे येतं, पण जुन्या भिंतीपुढे फ्रेम उभी करून ती झाकायला १५ ते २० सेंमी जातात. बेरीज करा, जमिनीवरच्या कमोडएवढीच झाली. तुमच्याकडे १३०० मिमी आहेत. ७०० चा कमोड बसवला तर समोर ६०० उरतात. पुढे किमान ५३० तरी मोकळे हवेत, म्हणजे तुमचं भागतंय, आणि वॉल-हंगने त्यात भर पडत नाही. भिंतीतच खाच करून फ्रेम आत जात असेल तरच जागा खरी वाचते, आणि खाच करता येईल की नाही हे भिंत भार घेणारी आहे का यावर ठरतं. ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका.

तुमचा निचरा जमिनीत आहे, वॉल-हंगला तो भिंतीत लागतो, फरशीपासून सुमारे २२० मिमीवर. फ्रेमच्या मागून बेंड घेऊन खाली नेता येतो, तरी त्यासाठी जमीन फोडावी लागेल. एकच बाथरूम असलेल्या घरात हे दिवस फार अवघड जातात. म्हणून माझं मत जमिनीवरच्या टू-पीसचंच राहील. तरीही घेणार असाल तर टाकी अशीच घ्या जिच्या आतलं सगळं, व्हॉल्व्ह, वायसर, पाणी बंद करायचा कॉक, फ्लशच्या पट्टीच्या खिडकीतून हाताने काढता येतं. ते तुमच्यासमोर काढून दाखवायला लावा. आणि भिंत बंद करायच्या आधी टाकी भरून रात्रभर ठेवा. एक लक्षात असू द्या, वॉल-हंगची उंची नवीन फरशीच्या पातळीपासून मोजायची. फ्रेम आधी लागते, फरशी नंतर येते आणि ठरवलेली उंची तेवढी कमी होते. यावर मी माझ्या माणसांशी फार भांडले आहे.

सीटबद्दल थोडक्यात. दोन आकारांत निवडायची झाली तर लांबट घ्या, बसायला ऐसपैस असते, पण ती ५ सेंमी पुढे येते हे मोजणीत धरा. मटेरियल ड्युरोप्लास्ट, म्हणजे कडक जातीचं प्लास्टिक, असेल तर ओरखडे आणि पिवळेपणा कमी. हळू बंद होणारी आणि एका बटणाने सुटी होणारी घ्या, बिजागरीखालची जागा धुता आली पाहिजे. मागच्या दोन भोकांमधलं अंतर नेहमीचं हवं, १४० किंवा १५५ मिमी, म्हणजे पुढे दुसऱ्या कंपनीचीही बसते.

काळा: वहिनींना सांगा, काळ्यावर क्षारांचे पांढरे डाग रोज दिसतात. तुमच्या जुन्या भांड्यावरचा पट्टा क्षारांचाच दिसतोय, म्हणजे तुमच्याकडचं पाणी तसं आहे. शिवाय काळ्या भांड्यात शौचाचा बदललेला रंग किंवा रक्त दिसत नाही, आणि घरात वयस्कर माणूस असताना ते दिसायला हवं. भिंतीची टाइल काळी करा, भांडं पांढरं ठेवा.

उठबस

शेवटच्या मुद्द्याला शंभर टक्के दुजोरा. आतड्याच्या आजारांची पहिली खूण बरेचदा तिथेच दिसते.

निळीछटा

हे बायकोला वाचून दाखवलं, पांढऱ्यावर एकमत झालं. जमिनीवरचा टू-पीस, वॉशडाऊन, ४.५/३, रिमलेस मात्र चालू फ्लश बघूनच.

शेवटचा प्रश्न. आमचे मिस्त्री म्हणतात कमोड पांढऱ्या सिमेंटमध्ये बसवतो, पक्का बसतो. करू द्यावं का? आणि टाकीत टाकायच्या निळ्या गोळ्या चालतात का?

पाना_पक्कड

सिमेंट नको. पुढे कधी कमोड काढायची वेळ आली तर सिमेंटमधला कमोड फोडूनच निघतो. शिवाय चिनी माती आणि सिमेंट वेगवेगळे हलतात, बुडाला चीर जाते. चार स्क्रू, रबरी प्लग आणि कडेने सिलिकॉन, एवढंच. स्क्रू हाताने आवळा, आळीपाळीने थोडे थोडे. एकाच बाजूने जोर दिला तर बूड तडकतं. कमोड डुगडुगत असेल तर खाली प्लास्टिकच्या पातळ पट्ट्या सरकवा, स्क्रूने ओढून सरळ करू नका.

सिलिकॉन तिन्ही बाजूंनी भरा, मागच्या बाजूला दोन बोटं जागा उघडी ठेवा. खालचा जोड गळला तर पाणी तिथून बाहेर येईल आणि तुम्हाला दिसेल. पूर्ण बंद केलं तर ते फरशीखाली मुरत राहतं आणि खालच्या घराच्या छताला ओल आली की कळतं.

गोळ्या निळ्या असोत वा पांढऱ्या, क्लोरीन असलेल्या टाकीत नकोत, रबर खातात. भांड्यातल्या क्षारांसाठी सौम्य आम्ल, सायट्रिक अॅसिडचं पाणी रात्रभर ठेवून सकाळी घासा. आणि ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

ग्रॅब बारची जागा टाइल लावायच्या आधी मला इथे कळवा. भिंत पोकळ वाजत असेल तर त्या जागी आतून पक्का आधार आधीच भरून घ्यावा लागतो, टाइल लागल्यावर ते जमत नाही.